बुधवारचे मासे

१५ जानेवारी २००६, रविवार. सकाळी १०.
आजपासून रोजनिशी. वही कंपनीची, निरोपाच्या दिवशी मिळालेली. पहिल्या नऊ पानांवर शहजादीने (बायको, घरी शिवणकाम करते) गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं लिहून ठेवली आहेत. चालेल. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढणार.

नोंद म्हणून थोडं माझ्याबद्दल. इक्बाल मणेर, वय ५१, राहणार दौंड. कुरकुंभच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चोवीस वर्षं. नोव्हेंबरात व्हीआरएस घेतली. घेतली, दिली नाही. लोक स्टोअरकीपर म्हणतात. पण ज्याच्या हातून इतके व्हॉल्व्ह आणि गॅस्केट गेले तो माणूस मनाने इंजिनिअरच असतो. त्यानंतर दोन महिने विश्रांती व चिंतन. कॉटवर.

काल चिंतनाला फळ आलं. सुफियाने (मुलगी, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष) इंटरनेट कॅफेतून अकरा पानं छापून आणली. विषय ॲक्वापोनिक्स. टाकीत मासे. माशांच्या घाणीचं पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात. खडीत भाजी. भाजी ती घाण खाते आणि पाणी स्वच्छ होऊन परत टाकीत. माती नको, खत नको. वर प्लास्टिकचं हरितगृह. मासे भाजीला पोसतात, भाजी माशांना. मधे माणसाला काहीच काम नाही. हे मला विशेष पटलं.

जागा: आमची गच्ची, तिथली जुनी पाण्याची टाकी. संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१६ जानेवारी. सकाळी ८.२०.
उठलो. थंडी फार. पाचचा संकल्प फेब्रुवारीपासून.

२२ जानेवारी.
बांबू आणले. निळे ड्रम भंगारवाल्याकडून आणले, उभे कापून वाफे केले. आत कसला तरी वास आहे. शहजादी म्हणाली, हा फिनेलचा वास आहे. मी म्हणालो, म्हणजे ड्रम स्वच्छच आहे.

२९ जानेवारी. सायं. ६.
हरितगृह उभं राहिलं. तीन बाजूंनी. चौथ्या बाजूचं प्लास्टिक दुपारच्या वाऱ्याने उडून शेजारच्या गच्चीवर सावळाराम आबांच्या अँटेनाला गुंडाळलं गेलं. आबा म्हणजे रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. हाक मारून म्हणाले, मणेरसायेब, तुमचं घर उडून आमच्याकडं आलंय, कवा न्हेताय? मी सांगितलं, ही विंड टेस्ट होती. ते म्हणाले, मंग पास का नापास? रेल्वेतल्या लोकांना संशोधनाची आवड नसते.

२ फेब्रुवारी.
पंप बसवला. कूलरचा. शहजादीने विचारलं, एप्रिलमध्ये कूलर कशावर चालणार? एप्रिलला अजून दोन महिने आहेत. बायकांना लांबच्या काळज्या.

३ फेब्रुवारी.
पंप सुरू करताच वाफ्यांमधून फेस वर आला. गच्चीभर. जिन्यापर्यंत. शहजादीने त्यात दोन चादरी धुऊन घेतल्या.

८ फेब्रुवारी, बुधवार.
ऐतिहासिक दिवस. शटल गाडीने भिगवणला गेलो, मासे आणायला. छापील पानांवर तिलापिया लिहिलं आहे. इथे त्याला चिलापी म्हणतात. सोजराबाई म्हणून मासे विकणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडून बोटभर लांबीचे तीस जिवंत मासे घेतले. त्यांनी विचारलं, खायाला न्हेताय का पवायला? मी त्यांना ॲक्वापोनिक्स समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, मंजी पवायला.

दुधाच्या कॅनमधून आणले. गाडीत एका गृहस्थांनी अर्धा लिटर मागितलं. झाकण उघडून दाखवलं. ते दुसऱ्या डब्यात गेले.

पानांवर लिहिलंय की मासे सोडण्याआधी पाण्यात उपयोगी जंतू तयार व्हायला सहा आठवडे लागतात. पण ते परदेशी जंतू. आपल्याकडचे कष्टाळू असतात. आजच सोडले.

१० फेब्रुवारी.
तीसच्या तीस खेळते. पालक आणि मेथी पेरली. सुफियासाठी शिरूरहून एक स्थळ आलं आहे. मुलगा इम्रान, रांजणगावला नोकरी. वडील फिरोजभाई तांबोळी, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. परीक्षा झाली की मे महिन्यात ते घर बघायला येणार. मी जाहीर केलं की त्या दिवशी ताटात मासे आपल्या टाकीतले आणि सॅलड आपल्या वाफ्यातलं असेल. सुफियाने शहजादीकडे पाहिलं. अभिमानाने पाहिलं असावं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार.
यवतला चुलतभावाच्या घरी लग्न होतं, तीन दिवस तिथे. जीव इथे अडकलेला. परवापासून लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं, सकाळी चार तास आणि संध्याकाळी तीन. पंप बंद, म्हणजे माशांना हवा नाही. आल्या आल्या गच्चीवर पळालो. मोजले. तीस! आणि सगळे टवटवीत. उलट थोडे मोठेच वाटले. मजबूत सिस्टिम असल्यावर वीज लागत नाही.

शहजादी दमलेली दिसली. काल भिगवणला बहिणीकडे गेली होती म्हणे. चार वर्षांत या बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. चांगली गोष्ट आहे.

२८ फेब्रुवारी, मंगळवार.
चिंताजनक. मोजणी: गुरुवारी ३०, शुक्रवारी २७, रविवारी १९, आज १२. सावळाराम आबा कठड्यावरून म्हणाले, कावळं न्हेत असतील. हरितगृह बंद असताना कावळा कुठून येणार? (चौथी बाजू सोडून.)

संकल्प: उद्या पाचला उठून पाळत.

१ मार्च, बुधवार. सकाळी ८.४५.
उठलो. शहजादी भिगवणला गेलेली. दर बुधवारी जाते आता. बहिणीकडे म्हैस आहे, दुधासाठी कॅन घेऊन जाते. चहा मात्र पिशवीच्या दुधाचाच मिळतो. विचारावं म्हणतो.

२ मार्च, गुरुवार.
तीस!!

९ मार्च, गुरुवार.
पुन्हा तीस. काल दुपारपर्यंत अकरा होते. आता शंका उरली नाही. हा मासा आठवड्याच्या सुरुवातीला लपायला लागतो आणि बुधवारी रात्री बाहेर येतो. कुठे लपतो ते कळलेलं नाही. टाकी सपाट आहे आणि पाणी कमरेइतकं. पण तो माशाचा प्रश्न आहे. या शोधाला मी 'मणेर सप्ताह' असं नाव दिलं. तालुक्याच्या कृषी कार्यालयाला चार पानी पत्र पाठवलं, सोबत आलेख.

१७ मार्च.
भाजीचं सुरुवातीला जमत नव्हतं हे मान्य. पालक पिवळा, दोऱ्यासारखा. मेथी उगवलीच नाही. आज सकाळी (८.३०) गेलो तर वाफा हिरवागार! मेथी वीतभर. छापील पानांवर पंचवीस दिवस लिहिलेत, माझी एका रात्रीत आली. एका जुडीच्या बुडाशी सुतळीचा तुकडा होता. खडीतून आला असावा.

सुफियाला दाखवली. तिला एकदम खोकला आला आणि ती खाली पळाली. परीक्षेचा ताण.

२४ मार्च.
माशांची सरासरी लांबी: मंगळवारी साडेतीन इंच, गुरुवारी सहा इंच. आलेखाचा कागद अपुरा पडला, वर आणखी एक चिकटवला. सावळाराम आबा म्हणाले, सायेब, ह्या माशाच्या शेपटीवर काळा ठिपका परवा न्हवता. मी म्हणालो, वयात आला की येतो. आबांनी कठड्यावरून वाकून पुन्हा एकदा ठिपका पाहिला. मग म्हणाले, तुमची मंडळी लई भली हाय बघा. संदर्भ कळला नाही. म्हातारपण.

कृषी कार्यालयाचं उत्तर नाही. पत्र वर पुण्याला पाठवलं असणार.

६ एप्रिल.
आतलं तापमान मोजायला घरचा ताप मोजायचा थर्मामीटर नेला. फुटला. नवा, भिंतीवरचा आणला. दुपारी दोनला ४९. भाजीसाठी उबदार वातावरण लागतंच. मी आत चार मिनिटं थांबू शकलो. पुढचं शहजादीने सांगितलं: मी जिन्यात बसलो होतो आणि कंपनीचा गेट पास मागत होतो.

१३ एप्रिल.
खाली घरात फार उकाडा. कूलर आहे, पंप नाही. शहजादी मशीनवर बसते तेव्हा पायाखाली ओलं पोतं ठेवते. एकदा म्हणाली, आठवडाभर पंप खाली आणायचा का? मी तिला समजावलं की एक तास पंप बंद राहिला तर तीस जीव जातील. ती म्हणाली, ते मला चांगलं ठाऊक आहे. बघा, नकळत किती शिकली आहे.

हल्ली माझ्या आधी तीच गच्चीवर जाते, रोज पहाटे, झाकलेली बादली घेऊन. खाली येते तेव्हा बादली झाकलेलीच असते. तिच्यात आवड निर्माण झाली याचं समाधान.

२७ एप्रिल, गुरुवार.
मासे तीस. लांबी आठ इंच. मात्र स्वभावात फरक जाणवतो. मंगळवारचे मासे मला ओळखतात, तोंड वर करतात. गुरुवारचे अनोळखी माणसासारखे कोपऱ्यात जातात. बहुधा लपून आल्यावर संकोच वाटत असावा.

संकल्प: माशांसाठी जास्त वेळ काढणे. पाचला उठणे.

१३ मे. रात्री जेवणानंतर.
उद्या पाहुणे. मी भाषणाचे मुद्दे काढले: १. मातीविना शेती. २. मणेर सप्ताह. ३. तरुण पिढीला संदेश. शहजादी म्हणाली, मुलगी बघायला येताहेत, मुद्दा एकच आहे. ती दोन दिवस घर झाडते आहे, पडदे शिवते आहे. सुफिया ओढणीला इस्त्री करते आहे. तिला मुलगा फोटोत आवडला आहे असं शहजादीकडून कळलं. मला कोणी सांगत नाही. शास्त्रज्ञाच्या डोक्याला त्रास नको म्हणून.

१४ मे, रविवार. सायं. ७.
काय दिवस! सविस्तर लिहितो.

अकराला आले. फिरोजभाई, आसमीनभाभी, इम्रान. मुलगा सरळ आहे, पाणी दिलं तर उठून घेतो. फिरोजभाई भरदार गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा, हाताच्या पाठीवर दोन-तीन ठिकाणी सूज. मी सरबत संपायची वाट पाहिली आणि त्यांना गच्चीवर नेलं.

आत शिरले मात्र, त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. मी सगळी सिस्टिम समजावली. त्यांनी तीन वेळा 'वा' म्हटलं. मी मासे मोजून दाखवत होतो. तेवढ्यात लाइट गेली, पंप थांबला. एवढ्यात सुफिया वर आली, ओढणी खोचली आणि मगाने टाकीतलं पाणी उंचावरून परत टाकीत ओतायला लागली, हवा मिसळावी म्हणून. सराईत हाताने. मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं. रक्तातच असतं. इम्रानही आला, दुसरा मग घेतला. दोघं वीस मिनिटं पाणी ओतत होती. पाणी अर्धं टाकीत, अर्धं एकमेकांवर. मी फिरोजभाईंना वाफा क्रमांक दोन दाखवत होतो.

जेवणात तळलेली चिलापी. आपल्या टाकीतली! शहजादीने माझ्या डोळ्यांसमोर जाळीने काढली. आसमीनभाभींनी दोनदा घेतली. कोशिंबिरीतल्या काकड्यांचा मात्र उलगडा झाला नाही, मी काकडी लावली नव्हती.

हात धुताना फिरोजभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, इक्बालभाई, कमाल केलीत. आमच्या शिरूरच्या घरामागं जागा हाय. तिथं असंच एक बांधून द्या. याच्या दुप्पट!

होकार झाला. सुफिया स्वयंपाकघरात रडली, आनंदाने. शहजादी माठाजवळ खाली बसली. तिला विचारलं काय झालं. म्हणाली, दुप्पट म्हणाले का ते?

१५ मे.
शिरूर प्रकल्पाचा आराखडा. सहा हजार लिटर. मासे तीनशे. फिरोजभाईंच्या घरामागे लिंबाची सहा झाडं आहेत. ती काढावी लागतील.

शहजादीने दोन चपात्या करपवल्या. हे तिच्याकडून कधी होत नाही.

१६ मे, मंगळवार.
फिरोजभाईंना फोन केला. म्हणालो, सुरुवातीला दोन झाडं तोडून ठेवा, मी शनिवारी-रविवारी येऊन आखणी करतो. ते म्हणाले, व्हय व्हय, बघू की. उत्साही माणूस. शहजादी दारात उभी राहून ऐकत होती. हातात कात्री होती आणि कापड नव्हतं.

१७ मे, बुधवार. दुपारी ३.
आज ती भिगवणला गेली नाही.

मी म्हणालो, बहीण वाट बघत असेल. ती म्हणाली, बहिणीशी मी अजून बोलत नाही.

मग समोर बसली आणि सांगितलं. सगळं. ती बोलली तसं लिहितो.

म्हणाली, तुम्ही यवतला लग्नाला गेलात तेव्हा लाइट गेली आणि सगळे मासे मेले. सगळे. सकाळी पांढरी पोटं वर. मी आणि सुफियाने काढले, टाकी घासली, बुधवारी सोजराबाईंकडून दुसरे तीस आणले. तेही मरायला लागले. मग दर बुधवारी आणत गेले. तुम्ही आठ-साडेआठला उठता, तोवर मेलेले बादलीतून खाली. मेथी बाजारची. पालक बाजारचा. काकड्या घाईत आणल्या, तुम्ही लावल्या नाहीत हे विसरले. सावळाराम आबांना माहीत आहे. सोजराबाईंना माहीत आहे, त्या माप बघून मासे निवडून ठेवतात, मागच्या वेळेपेक्षा थोडे मोठे. तुमचा आलेख चुकू नये म्हणून.

मी विचारलं, पहिल्या तीसमधला एकही नाही? ती म्हणाली, दुसऱ्या तीसमधला एक अकरा दिवस टिकला होता.

मी विचारलं, का केलंस? तिने हातातला दोरा बोटाला गुंडाळला. म्हणाली, नोव्हेंबरपासून दोन महिने तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवायला उठवलं तर उठायचात, नाही तर नाही. एके दिवशी तुम्ही चप्पल घालून बांबूचा भाव विचारायला बाहेर पडलात. मला मासे नको होते. मला तुम्ही उभे हवे होतात.

मग म्हणाली, आपल्या घरात चाललं ते चाललं. पण तुम्ही आता शिरूरला जाऊन माणसाची झाडं तोडायला लावणार. तीनशे मासे मी कुठून आणू? आणि पोरीला त्या घरात जन्म काढायचाय.

१८ मे.
काही लिहायचं नाही.

१८ मे. दुपारी.
तरी तांत्रिक नोंद म्हणून: सिस्टिम पूर्णपणे फेल गेली असं म्हणता येत नाही. मासे आठवडाभर ठेवण्याची सोय म्हणून ती ठीक होती.

१९ मे. पहाटे ५.०५.
उठलो. गच्चीवर गेलो. टाकीत आठ मासे. त्यातले पाच उलटे. मीच काढले. जिन्यात शहजादी भेटली, बादली घेऊन वर येत होती. मी माझी बादली दाखवली. ती वळली आणि चहा ठेवायला गेली.

उरलेले तीन दुपारी तळले. चव चांगली होती. त्यात माझा काहीच हात नाही.

पंप धुऊन कूलरला लावला. चालतो.

२० मे.
उद्या शिरूर. फिरोजभाईंना खरं सांगायचं. फोनवर सांगावं असं आधी वाटलं. तीन वेळा नंबर फिरवला, तिसऱ्यांदा लागला तर इम्रानने उचलला. मी म्हणालो, राँग नंबर. तो म्हणाला, बोला ना मामा.

सुफिया म्हणाली, अब्बा, मी येऊ का? नको म्हणालो. ती म्हणाली, त्यांनी नाही म्हटलं तरी मी तुमच्यावर रागावणार नाही. हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

२१ मे, रविवार. रात्री ९. (घरी.)
न्हावऱ्यामार्गे गाडी. इनामगाव फाट्यावर अर्धा तास उभी, टायर. बसमध्ये वाक्यं जुळवली. 'काही तांत्रिक कारणांमुळे' अशी सुरुवात चार प्रकारे करून पाहिली. शिरूर येईपर्यंत चारही विसरलो.

घरामागे पहिलं पाहिलं ते झाडांकडे. सहाच्या सहा उभी. जीव भांड्यात पडला.

फिरोजभाईंनी खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. म्हणालो, ते मासे बाजारचे होते. भाजीही बाजारची. माझ्या टाकीत एक मासा पंधरा दिवस जगलेला नाही. मला हे बुधवारी कळलं, म्हणजे तुम्हाला फसवलं नाही, मीच फसलो होतो. आमच्या मंडळींचा दोष नाही. पोरीचा तर नाहीच. तुम्ही झाडं तोडू नका.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, अहो इक्बालभाई, तोडतंय कोण? मला तिथं आत काय दिसलं न्हाई. चष्म्यावर ही वाफ! मासे होते का वांगी, अल्लाला माहीत. आसमीननं गाडीतच बजावलं होतं, पोरगी चांगली हाय, हातची घालवायची न्हाई. पोरीच्या बापानं गच्चीवर कायतरी केलंय म्हणं, त्याचं कौतुक करा. मंग मी म्हणलं, नुसतं कौतुक कशाला, एक मागूनच घिऊ.

आणि दुप्पट? मी विचारलं.

ते जरा जास्त झालं, असं ते म्हणाले.

मी खुर्चीत बसलो. हसू आलं. आधी त्यांना, मग मला. दोन महिन्यांचा आलेख, दोन कागद जोडलेला, आणि बघणाऱ्याला वाफ दिसली. आसमीनभाभी चहा घेऊन आल्या, त्यांना कळेना आम्ही का हसतोय. फिरोजभाई म्हणाले, काय न्हाई, व्याह्यांना बस लागली. संबंध पक्का आहे, इम्रान आठ दिवसांत दोनदा दौंडला जायची कारणं शोधून बसला आहे, असंही भाभी हळूच म्हणाल्या.

चहा झाल्यावर फिरोजभाई उठले. चेहऱ्यावर एकदम वेगळंच तेज. म्हणाले, या, आता माझं दाखवतो.

लिंबाच्या झाडांखाली चार लाकडी पेट्या. मधमाश्यांच्या. रिटायर झाल्यावर स्वतः रंधा मारून बनवल्या म्हणे. माश्या सगळीकडे. घराच्या सगळ्या खिडक्यांना भाभींनी बारीक जाळी ठोकून घेतली आहे, दोरीवरचे कपडे शेजारच्यांच्या अंगणात वाळतात. मला आल्या आल्या कानाच्या पाळीवर एक डंख बसला. फिरोजभाई सांगत होते: राणी माशी, कामकरी माशी, वर्षाला किती किलो. हाताची सूज म्हणजे माश्यांची ओळख पटते आहे याची खूण. मग आतून एक बाटली आणून उन्हात धरली. म्हणाले, पहिला मध! बघा रंग!

मी पाहिला. बाटलीला बाहेरून डिंकाचा चौकोनी डाग होता. दुकानातलं लेबल भिजवून काढल्यावर राहतो तसा.

खिडकीच्या जाळीआड आसमीनभाभी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी चटकन दुसरीकडे बघितलं. मीही.

आणि मग मी म्हणालो, फिरोजभाई, कमाल केलीत. अशा दोन पेट्या आमच्या दौंडच्या गच्चीवर हव्यात बुवा.

परत येताना बसमध्ये मन एकदम हलकं होतं. चोवीस वर्षांत मला कोणाचं इतकं व्यवस्थित कौतुक करता आलं नव्हतं. शहजादीला सगळं सांगितलं, बाटलीसकट. ती हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसली. कानाला चुना लावून दिला.

२३ मे. सकाळी ११.
शिरूरहून आसमीनभाभींचा फोन. शहजादीने घेतला. 'हो', 'हो का', 'आजच?' एवढंच ऐकू आलं. फोन ठेवून माझ्याकडे वळली.

फिरोजभाई दोन पेट्या घेऊन आत्ताच्या गाडीने निघाले आहेत. दुपारपर्यंत पोचतील. कंडक्टरने आधी नाही म्हटलं, पण एसटीत त्यांची ओळख आहे. पेट्या टपावर ठेवून घेतल्या.

ती म्हणाली, तुम्ही त्यांना नक्की काय म्हणालात?

मी म्हणालो, काही नाही, जरा गोड बोललो.

तिने विचारलं, पेट्या रिकाम्या असतील ना?

मी आत्ताच परत फोन करून आसमीनभाभींना विचारलं. भरलेल्या.